गळ्यात हात : नवशिक्या रुग्णांसाठी

प्रवेशपात्रता

या अभ्यासक्रमाला वयाची, शिक्षणाची, जातीची अट नाही. परळी तालुक्यात राहणाऱ्या माणसाला प्रवेश कधीही आणि बसल्या जागी मिळतो. कडबाकुट्टीत पेंढी सारताना बोटं पेंढीच्या पुढे गेली. मळणी यंत्राने बाहीचं टोक धरलं आणि मागून हात ओढून नेला. फडात कोयता उसाऐवजी ऊस धरलेल्या डाव्या हातावर उतरला. मोटारसायकलवर तिघं होते आणि वळणावर राख वाहणारा हायवा ट्रक आला. श्रावणी सोमवारी वैद्यनाथ मंदिराच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि माणूस तळहात पुढे करून पडला. रागाच्या भरात कपाटाच्या काचेवर बुक्की मारणारे तरुण वेगळ्या कोट्यातून येतात. त्यांच्या मनगटातल्या चार-पाच शिरा एका झटक्यात तुटलेल्या असतात आणि राग कोणावर होता, हे ते शेवटपर्यंत सांगत नाहीत.

प्रवेशाच्या वेळी लागणारी कागदपत्रं : आधार कार्ड, रेशनकार्ड आणि लागू असल्यास बोट. बोट सुटंच झालं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळावं, कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालावं आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. थेट बर्फात टाकू नये, कारण मांस गोठून मरतं. हळदीत लोळवून आणू नये. खिशात तर नकोच. आणि ‘आता हे काय जोडतात व्हय’ असं ठरवून फडातच पुरून येऊ नये. जोडायचं की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावं, आणि तेही लवकर, कारण या बाबतीत घड्याळ तासांनी चालतं.

ऑपरेशन परळीत झालं असेल, लातूरला झालं असेल किंवा पंचवीसेक किलोमीटरवरच्या अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाच्या सरकारी मेडिकलमध्ये. १९७०च्या दशकात खास ग्रामीण भागासाठी उभं राहिलेलं हे कॉलेज, आणि आसपासच्या तालुक्यांतली मोडकीतोडकी हाडं तेव्हापासून तिथंच जातात. कुठं का होईना, डॉक्टर हातमोजे काढत ‘छान झालंय’ म्हणाले की नातेवाईक पेढे शोधायला लागतात. ही पुस्तिका तिथून सुरू होते. डॉक्टरांचं काम दोन-तीन तासांचं होतं. पुढचं बारा आठवड्यांचं काम तुमचं आहे, आणि त्याला पगार नाही.

लागणारं साहित्य

तीन उश्या. जुनं उपरणं. पुढून उघडणारा ढगळ सदरा, आणि बाही उसवायला घरातल्यांची तयारी. अंघोळीसाठी लांब प्लास्टिकची पिशवी आणि रबर. एक कमी बोलणारा माणूस. शेवटची वस्तू परळीच्या बाजारात मिळत नाही, ती सासुरवाडीहून मागवावी लागते.

पाठ पहिला : हा हात कुणाचा?

हाताच्या ऑपरेशनला बऱ्याचदा पूर्ण भूल देत नाहीत. मानेपाशी किंवा काखेत सुई देऊन तेवढाच हात बधिर करतात. भूल उतरायला कधी सात-आठ तास लागतात, कधी अख्खी रात्र जाते. तोवर खांद्याला लटकलेली ही जड वस्तू आपली आहे यावर विश्वास बसत नाही. झोपेत ती झोळीतून निसटते आणि थेट नाकावर येते. मग कान-नाक-घसा विभाग सुरू होतो. म्हणून झोळी बांधलेलीच ठेवा. बधिर हाताजवळ चहाचा गरम पेला ठेवू नका. भाजलं तरी कळणार नाही.

या काळात प्रत्येक नवशिका एक वाक्य बोलतोच : ‘काहीच दुखंना की! उगंच घाबरायलो होतो.’ हे वाक्य फोनवर गावभर सांगितलं जातं. रात्री दोनला भूल उतरते तेव्हा ते मागे घ्यायला कोणी जागं नसतं. सिस्टरने संध्याकाळी दिलेली दुखण्याची गोळी ‘दुखत नाही तर कशाला खायची’ म्हणून उशीखाली ठेवलेली असते, आणि आता ती एका हाताने सापडत नाही. गोळी सांगितलेल्या वेळी घ्या. दुखणं उठल्यावर त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही, ते तुमच्यापेक्षा जोरात धावतं.

पाठ दुसरा : हात वर

वर म्हणजे काळजाच्या वर. कोपरापेक्षा मनगट वर आणि मनगटापेक्षा बोटं वर. झोळीत पोटावर विसावलेला हात वर नसतो, तो नुसता शहाण्यासारखा दिसतो. हात खाली लोंबला की त्यात रक्त-पाणी साचतं आणि सूज चढते. सुजलेली बोटं वाकत नाहीत, न वाकलेली बोटं आखडतात, आणि आखडलेली बोटं सोडवायला पुढे ऑपरेशनच्या दुप्पट वेळ जातो. पहिल्या तीन-चार दिवसांत एवढं एक काम मन लावून केलं तरी अर्धी परीक्षा पास.

दवाखान्यात हात सलाईनच्या स्टँडला टांगतात. घरी उपरण्याची झोळी करून टांगावी. जुन्या माळवदाच्या घरात त्यासाठी कडी असते. नव्या स्लॅबच्या घरात पंख्याचा हूक असतो, पण पंखा चालू असताना तो वापरू नये. उभं राहताना, चालताना पंजा खांद्याच्या उंचीवर धरावा. निवडणुकीच्या दिवसांत मात्र परळीच्या गल्लीतून पंजा वर करून फिरताना जरा जपून. ‘बप्पा, तुम्ही पण?’ असं विचारणारा कोणीतरी भेटतोच, आणि मग फ्रॅक्चरचा एक्स-रे दाखवून निष्ठा सिद्ध करावी लागते.

याच पाठात बांगड्यांचं. दुखऱ्या हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढाव्याच लागतात, कारण हात सुजला की अंगठी बोटाचा गळा आवळते. काचेच्या बांगड्या साबणाच्या पाण्याने निघाल्या तर ठीक, नाहीतर वाढवाव्या लागतात, आणि मग सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी वॉर्डभर होतं. तोडगा सोपा आहे. दुसऱ्या हातात डझनभर जास्त चढवाव्यात. वैद्यकशास्त्राची हरकत नाही आणि घरचा हिशेबही जुळतो.

पाठ तिसरा : बोटं

इथे बरेच विद्यार्थी नापास होतात, म्हणून सावकाश वाचा.

ज्यांचं हाड मोडलंय, प्लेट बसलीय, तारा टाकल्यात, त्यांनी प्लास्टरबाहेर राहिलेली बोटं दिवसातून अनेकदा पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची. दुखलं तरी. खांदाही दिवसातून दोन-चारदा डोक्यापर्यंत न्यायचा. नाहीतर मनगट बरं होईल, पण खांदा दारावरच्या बिजागरीसारखा गंजेल आणि सहा आठवड्यांनी तुम्ही मनगटाऐवजी खांदा घेऊन त्याच डॉक्टरांपुढे बसाल. हे सांगायला एक मिनिट लागतं. करायला मात्र घर आडवं येतं. मी वॉर्डात सोबतचा नातेवाईक म्हणून बऱ्याच रात्री काढल्यात आणि पाहिलंय की, ज्याचे लाड जास्त त्याचा हात जास्त आखडतो. तीन सुनांचे सासरे पलंगावर हात ठेवून राजासारखे पडलेले. एक सून भरवते, दुसरी पाणी पाजते, तिसरी म्हणते, ‘मामंजी, बोटं हलवू नका, टाके तुटतील.’ मामंजी हलवत नाहीत. दीड महिन्याने मूठ वळत नाही, आणि दोष ऑपरेशनला लागतो.

ज्यांची शीर (म्हणजे स्नायूची दोरी, कंडरा) शिवलीय त्यांचा अभ्यासक्रम वेगळा आहे, आणि वरचा परिच्छेद त्यांनी विसरून जावा. त्यांनी बोटं हलवायची ती फिजिओथेरपिस्टने दाखवलीत तेवढीच, त्याच कोनात आणि पट्टीच्या आतच. शिवलेली शीर रोज थोडी पक्की होत जाते, हा समज चुकीचा. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ती उलट नरम पडते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, टाके निघालेले असतात, आणि माणसाला वाटतं, बघू तरी बादली उचलते का. तुटण्याचा एक बारीक झटका बसतो आणि बोट पुन्हा सरळ होऊन बसतं. मग शून्यापासून सुरुवात.

मग अजिबात हलवायचंच कशाला? कारण न हलवलेली शीर आजूबाजूच्या मांसाला चिकटते. हे कोडं सुटायला शल्यचिकित्सकांनाही अर्धं शतक लागलं. बोटांच्या मुळाशी, तळहाताच्या पुढच्या भागात तुटलेली शीर लगेच शिवूच नये, असं अमेरिकेतले स्टर्लिंग बनेल सांगायचे, आणि जग ऐकायचं. १९६०च्या दशकात लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी शीर शिवली, बोटाच्या नखाला रबर बांधलं आणि ते रबर मनगटाकडे ओढून ठेवलं. बोट रुग्णाने स्वतः उघडायचं आणि मिटायचं काम रबराने करायचं. शीर हलते, पण तिच्यावर जोर पडत नाही. परळीत असं रबर लावलेला माणूस दिसला की पोरं गलोल समजून ताणून बघतात. पोरांना लांब ठेवा.

तारांची चौकट हाताबाहेर दिसत असेल तर ती बहुधा जेस असते. मुंबईचे हातांचे सर्जन डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि छोट्या दांड्या जोडून बनवलेली. जेसमधला जे म्हणजे जोशी. तारेची भोकं सांगितल्याप्रमाणे रोज पुसा. तिला कपडे वाळत घालू नका. हसू नका, एकाने रुमाल घातला होता.

पाठ चौथा : भेटायला येणारे

समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि त्यासोबतचे धन्वंतरी विष्णूने परळीच्या शिवलिंगात लपवून ठेवले, अशी इथली आख्यायिका आहे. इथल्या लिंगाला कोणीही हात लावून दर्शन घेऊ शकतो, त्याचं कारणही तेच सांगतात. इतक्या पिढ्या गावाने त्या लिंगाला हात लावल्यावर परिणाम व्हायचाच. गावातला प्रत्येक माणूस वैद्य आहे. आणि तुम्ही घरी आल्याचं कळताच तो निघालेला आहे.

पहिला प्रश्न : ‘कसं काय झालं?’ ही हकीकत दिवसाला किमान वीस वेळा सांगावी लागते, म्हणून आधीच तीन आवृत्त्या तयार ठेवा. उभ्याउभ्या आलेल्यासाठी एक ओळ, चहा घेणाऱ्यासाठी पाच मिनिटं, आणि मुक्कामी आलेल्या आत्याबाईंसाठी सविस्तर. तिन्हींत हायवाचा वेग एकच सांगा, ते आपापसात ताडून बघतात.

दुसरा प्रश्न : ‘किती खर्च आला?’ खरा आकडा सांगा किंवा सांगू नका, उत्तर ठरलेलं आहे : ‘लय घेतले. लातूरला न्यायचं होतं.’ लातूरला नेलं असेल तर पुण्याला न्यायचं होतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं असेल, तर पाहुणा जरा हिरमुसतो. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं, आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. दवाखान्यातला आरोग्यमित्र गाठून कागद पुरे करावे लागतात, मंजुरीची वाट बघावी लागते, पण ऑपरेशन होतं. त्यात डिस्चार्जनंतरची तपासणी आणि औषधं दहा दिवसांपर्यंतची धरलेली आहेत. हात मात्र बारा आठवडे घेतो. या दोन आकड्यांमधला व्यायाम आणि एसटीच्या फेऱ्या तुमच्या खिशातून.

तिसरा पाहुणा विचारत नाही, थेट बोटं दाबून बघतो. ‘इथं दुखायलंय का?’ आता दुखायला लागलेलं असतं.

आहारतज्ज्ञ दोन पक्षांत विभागलेले. एक पक्ष सांगतो, वांगं बंद, आंबट बंद, भात बंद, डाळ बंद, नाहीतर टाके पिकतात. दुसरा पक्ष पायाचं सूप, डिंकाचे लाडू, कांडवेलीची भाजी आणि हळदीचं दूध घेऊन दारात उभा. दोघांचं ऐकलं तर एका वेळेला उपास आणि दुसऱ्या वेळेला अपचन. जखम भरायला अंगात प्रथिनं लागतात. डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, मटण, जे घरात खातात आणि परवडतं ते पोटभर खा. शुगर असेल तर लाडूवाल्या पक्षाला नम्रपणे फुटाण्यांवर वळवा.

तंबाखू खाणाऱ्यांसाठी निसर्गाने सोय केलेली आहे. एका हाताने तंबाखू मळता येत नाही. चुना लावायला एक तळवा आणि रगडायला दुसरा अंगठा लागतो. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर लागतो, शिवलेल्या बोटाला तर रक्तच कमी पडतं, म्हणून डॉक्टर सोडायला सांगतात. देवाने हात बांधून दिलेली ही संधी वाया जाते ती मित्रांमुळे. चार मित्र भेटायला येतात आणि चौघंही आपापल्या तळव्यावर तुमच्यासाठी मळून देतात. हेच मित्र अंबाजोगाईच्या फेरीला बोलावलं की शेतात पाणी धरायला गेलेले असतात.

सर्वांत शेवटी येतो तो तेल घेऊन. ‘आमच्या पाव्हण्यांच्या गावात एक जण हाड बसवतो, प्लेटबिट काही लागत नाही.’ प्लेट बसली आहे, असं सांगितल्यावर तो म्हणतो, ‘मग नुसतं चोळून घ्या.’ घेऊ नका. कोपराच्या दुखापतीवर जोराने चोळलं की स्नायूच्या आत नवं हाड धरायला लागतं आणि कोपर कायमचं अर्धवट वाकतं. आणि ऑपरेशनच्या आधी या हाड बसवणाऱ्याकडे जाऊन कामट्यांनी घट्ट आवळून आणलेला हात कसा दिसतो, हे ज्याने एकदा ड्रेसिंगच्या खोलीत पाहिलंय तो या विषयावर विनोद करत नाही. मीही करत नाही.

सगळ्या सल्ल्यांवर एकच उत्तर चालतं : ‘डॉक्टरांनी लिहून दिलंय.’ काय लिहून दिलंय हे कोणी वाचत नाही, कारण ते कोणालाच वाचता येत नाही.

पाठ पाचवा : डावा आणि उजवा

डावा हात मोडला तर माणूस जेवणाच्या खोलीत सुखी आणि दुसऱ्या खोलीत दुःखी. उजवा मोडला तर उलट. दोन्ही मोडले तर ही पुस्तिका घरातल्या माणसाने वाचावी, आणि रुग्णाने त्याच्याशी आयुष्यभर गोड बोलावं.

उजवा गेलेल्यांसाठी जेवणाचं. डाव्या हाताने जेवणं म्हणजे ताटावरच्या सगळ्यांच्या नजरा झेलणं. ज्वारीची कडक भाकरी एका हाताने मोडत नाही. ती ताटाबाहेर उडी मारते. वरणात, दुधात किंवा आमटीत आधी कुस्करून घ्या आणि चमच्याने खा. पंगतीत बसणार असाल तर भिंतीकडेच्या टोकाला बसा. मधे बसलात तर तुमचं कोपर शेजाऱ्याच्या वरणात जातं आणि त्याचा लाडू तुमच्या प्लास्टरवर. प्रसाद डाव्या हातात घेऊ नये म्हणतात. मग उजव्या हाताच्या उघड्या बोटांवर ठेवायला सांगा. तेवढ्याने प्लास्टरलाही पुण्य लागतं.

नाडी. या विषयावर मोठं पुस्तक होऊ शकेल. नाडीची विजार, नाडीचा परकर, नाडीची चड्डी, तिन्ही पहिल्या दिवशीच बाद करा आणि इलॅस्टिकवर या. गाठ मारायची असेल तर एक टोक दाताने धरून मारता येते, असं बाहेर सांगतात. सांगणाऱ्यांनी कधी घाईत गाठ सोडून बघितलेली नसते. साडी एका हाताने नेसता येत नाही, केसांची वेणी येत नाही. बायका सहा आठवडे गाऊनवर काढतात आणि दारात पाहुणा आला की वरून टॉवेल घेतात. पुरुष बनियनवर काढतात आणि काहीच घेत नाहीत.

वैद्यनाथाला जायचंच असेल तर श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून जा. तारा बाहेर असताना तर त्या गर्दीत पाऊलही टाकू नका. हात गळ्यात असला की तोल जातो, आणि त्या पायऱ्या बऱ्याच आहेत. अभिषेकाच्या पाण्यापासून प्लास्टर सांभाळा. नमस्कार एका हाताने होतो, तो सलामासारखा दिसतो, तरी पोचतो.

पाठ सहावा : खाज

परळीच्या मे महिन्यात प्लास्टरच्या आत जे होतं त्याला शब्द नाहीत. विणकामाची सुई, खराट्याची काडी, पट्टी, सायकलची स्पोक आत घालू नका. आत ओरखडा पडतो, तो पिकतो, आणि वास आल्यावरच कळतं. पावडरही ओतू नका. प्लास्टरवर बाहेरून टिचक्या मारा. टेबल फॅनसमोर बसा. शिव्या द्यायला पूर्ण मुभा आहे.

पाठ सातवा : अंगठा

रेशन दुकानदाराच्या मशीनला तुमच्या दुखण्याशी देणंघेणं नसतं. त्याला बोट हवं. उजवा अंगठा पट्टीत असला की दुकानदार म्हणतो, ‘पुढल्या महिन्यात या.’ येऊ नका. आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते. उघडं असलेलं कुठलंही बोट लावून बघायला सांगा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या सदस्याला पाठवा. बँकेत उजव्या हाताची सही डाव्या हाताने केली, तर कॅशियर तुमच्याकडे असं बघतो, जणू हात चोरून आणलाय. फिक्स डिपॉझिटचं काम ऑपरेशनआधीच उरकलेलं बरं, पण अपघात विचारून होत नाही.

सूचना : हे पान फाडून दारावर चिकटवा

प्लास्टर किंवा पट्टी बांधल्यावर दुखणं गोळ्यांनी कमी न होता वाढतच गेलं, दुसऱ्याने बोट हळूच सरळ केलं की किंचाळावंसं वाटलं, बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री निघा. गाडी मिळत नसेल तर १०८ला फोन लावा. आवळलेल्या हातातल्या स्नायूंना रक्त मिळेनासं झालं की काही तासांत ते मरतात आणि पंजा पक्ष्याच्या नखासारखा वळून राहतो. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१मध्ये घट्ट पट्ट्यांमुळे होणारं हे नुकसान लिहून ठेवलं, आणि आजही ते हात येतात. प्लास्टर कापून सैल करायला पाच मिनिटं लागतात. ताप, पू, पट्टीला घाण वास, दंडाकडे चढणारी लाली, यांचंही तेच. डॉक्टर ओरडतील म्हणून थांबू नका. डॉक्टर ओरडतातच, वेळेवर गेलात तर कमी ओरडतात.

जिथे मज्जातंतू शिवलाय तिथे बोट बधिर राहील. तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत किती मिलिमीटर होतात ते मोजा आणि डॉक्टरांना रोज विचारणं बंद करा.

पाठ आठवा : ज्यांना हे सगळं लागू नाही

आतापर्यंतचे सात पाठ वाचताना एखाद्या वाचकाच्या लक्षात आलं असेल की, ही पुस्तिका ज्याच्याकडे पलंग आहे, उश्या आहेत, सहा आठवडे आहेत, त्याच्यासाठी लिहिलेली आहे. बीड जिल्ह्यातले हात मोठ्या संख्येने तसे नाहीत. दिवाळीच्या आसपास कोयते घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार कर्नाटकात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडाच्या कडेला पालात राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, निघतानाच घेतलेली असते, ती लग्नात, दवाखान्यात किंवा मागच्या उचलीत गेलेली असते. एकाचा हात गेला की अर्धा कोयता उरतो, आणि मुकादमाचा हिशेब पूर्ण कोयत्याचा असतो. काम न केलेल्या दिवसाचा खाडा पडतो.

फडातल्या बाईच्या डाव्या हाताची शीर तुटते, तालुक्याच्या गावी शिवतात, पट्टी बांधतात, सहा आठवडे काही उचलू नका म्हणतात. ती पालात परत येते. तिच्या हाताचे कोणी लाड करत नाही, त्यामुळे तिचा खांदा आखडत नाही, ही एकच जमेची बाजू. पाणी आणायचं, चूल पेटवायची, लेकराला उचलायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात ‘एका हातानं वाढं (उसाचे शेंडे) तरी बांधशील का’ असा प्रश्न. शिवलेली शीर दुसऱ्यांदा तुटते ती अशी, आणि फाइलवर लिहिलं जातं : रुग्णाने सूचनांचे पालन केले नाही.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सानुग्रह योजना आहे. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक हात किंवा एक पाय गेल्यास १ लाख. घरात सातबारा असेल तर तलाठ्याकडून कागद लगेच काढा आणि कृषी कार्यालयात द्या. सातबारा नसेल तर ही ओळ तुमच्यासाठी नाही. ‘अर्धवट वाकणारं बोट’ असा रकाना त्यात नाही, आणि कोयता धरायला तर तेच बोट लागतं.

तेव्हा या विद्यार्थ्यांसाठी वेळापत्रक तेवढं लिहून देतो, दवाखान्याच्या कागदाच्या पाठीमागे उतरवून घ्या. टाके निघणार साधारण दहा ते चौदा दिवसांनी. टाके निघाले म्हणजे हात बरा झाला नाही. सहा आठवड्यांपर्यंत पट्टी, फक्त शिकवलेला व्यायाम. सहाव्या आठवड्यानंतर डॉक्टर बघून सांगतील तेव्हा पेला, कंगवा, भाकरीचा घास. पिठाचा गोळा मळणं त्याच्याही पुढे. बारा आठवड्यांच्या आत भरलेली घागर नाही, कोयता नाही, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं तर नाहीच. कागदावर डॉक्टरांचा सही-शिक्का घ्या, तारखेसकट. तो कागद नवऱ्याकडे देऊ नका, स्वतःच्या पिशवीत ठेवा.

मुकादमाचा फोन येईल. कागदावरची तारीख वाचून दाखवा. तो म्हणेल, ‘बरं, कोयता नको धरूस आक्का, नुसतं वाढं बांध, ते तर एका हाताचं काम हाय.’ त्याला सांगा, गाठ मारायला दोन हात लागतात, विश्वास नसेल तर एक हात मागे बांधून एक पेंढी बांधून दाखवा, आम्ही थांबतो फोनवर.